कागदावर नसलेल्या आठ हजार चिरा

जून २०१२. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ, शेल्ट नदीच्या काठावर डूल अणुवीज केंद्र आहे. तिथली तिसरी भट्टी तपासणीसाठी थांबवलेली होती. भट्टीच्या प्रेशर व्हेसलला, म्हणजे अणुइंधन ठेवलेल्या पोलादी भांड्याला, आतून स्टेनलेस स्टीलचे पातळ अस्तर असते. त्या अस्तराच्या लगेच खाली बारीक तडे आहेत का, हे अल्ट्रासॉनिक लहरींनी बघायचे होते. फ्रान्समध्ये त्रिकास्तँच्या एका भट्टीत तसे तडे आढळले होते, म्हणून आपणही खात्री करून घ्यावी, एवढाच हेतू. तसा तडा एकही निघाला नाही. निघाले ते भलतेच: मूळ पोलादाच्या आत, भिंतीला जवळजवळ समांतर पसरलेल्या शेकडो चपट्या खुणा.

पहिल्या फेरीत आतल्या बाजूचे तीस मिलिमीटरच तपासले होते. जुलैत भिंतीची पूर्ण जाडी तपासली, तेव्हा आकडा आठ हजारांवर गेला. पुढे म्यूज नदीकाठच्या तिआंज-२ या जुळ्या भट्टीचे व्हेसल तपासले, तिथे दोन हजारांवर खुणा सापडल्या. दोन्ही भट्ट्या तीस वर्षे चाललेल्या, प्रत्येकी सुमारे हजार मेगावॅटच्या. त्या काळी बेल्जियमची निम्मी वीज ज्या सात भट्ट्यांतून येत होती, त्यांतल्या या दोन.

पुढची दहा वर्षे या चिरांचे काय करायचे, यावर निर्णय घेतले गेले, थांबवले गेले, पुन्हा घेतले गेले. त्याची ही हकिगत. स्थळे आणि संस्था सार्वजनिक नोंदीतल्या आहेत; माणसांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

पार्श्वभूमी

या प्रकारच्या भट्टीचे व्हेसल म्हणजे सुमारे चार मीटर आतला व्यास आणि वीस सेंटिमीटर जाड भिंत असलेले पोलादी भांडे. भल्या मोठ्या पोलादी ठोकळ्यातून कडी फोर्ज करतात, म्हणजे तापवून ठोकून घडवतात, आणि एकावर एक ठेवून वेल्ड करतात. आत पाणी असते १५५ बार दाबाचे आणि तीनशे अंशांच्या आसपास तापलेले.

अणुवीज केंद्रात जवळजवळ प्रत्येक बिघाडाला पर्याय ठेवलेला असतो. पाइप फुटला तर पाणी ओतायला पंप आहेत, पंप बंद पडला तर दुसरा आहे, वीज गेली तर डिझेल जनरेटर आहे. व्हेसल फाटण्याला मात्र पर्याय नाही. भांडेच फाटले तर ओतलेले पाणी राहणार कशात? म्हणून सुरक्षेच्या हिशेबात व्हेसल फुटणे हा अपघात धरलेलाच नसतो. ‘हे होणारच नाही’ असे गृहीत धरतात आणि त्या गृहीताची किंमत आधीच मोजतात: पोलाद उत्तम, घडण उत्तम, प्रत्येक टप्प्यावर तपासणी, आणि त्या तपासणीचा कागद जपून ठेवलेला.

डूल-३ आणि तिआंज-२ची कडी १९७०च्या दशकात रॉटरडॅमच्या एका जहाजबांधणी कारखान्यात, रॉटरडाम्स ड्रोखडॉक मातस्खपाय इथे फोर्ज झाली होती. पोलादाचे ठोकळे जर्मनीच्या क्रुपचे. त्या काळीही कडी अल्ट्रासॉनिकने तपासली गेली होती आणि पास झाली होती. हजारो चिरा असल्याची नोंद अंतिम कागदांत कुठेच नव्हती. तेव्हाच्या उपकरणांनीही त्या दिसायला हव्या होत्या, असे २०१२ नंतर कागद पुन्हा चाळणाऱ्यांचे मत पडले. मग नोंद का झाली नाही? ज्याला विचारावे तो कारखाना केव्हाच बंद पडला होता.

खरी अडचण इथून सुरू होते. पोलादात दोष निघणे वाईट खरेच. पण ज्या कागदाच्या भरवशावर ‘हे होणारच नाही’ म्हटले, तो कागदच अपुरा निघाला. मग त्या कागदातल्या बाकीच्या ओळींवर तरी किती विश्वास ठेवायचा?

चिरा आल्या कुठून

आपल्याकडे भोसरीत किंवा सातपूरला कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जा, लो हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये तापवून ठेवलेले दिसतील. ओलसर रॉड वापरला तर पाण्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काम संपवून सगळे घरी गेल्यावर, रात्रीतून वेल्डला चीर जाते. डूलची गोष्ट त्याच हायड्रोजनची, फक्त फार मोठ्या मापात.

वितळलेल्या पोलादात हायड्रोजन सहज विरघळतो. पोलाद थंड होते तशी त्याची हायड्रोजन धरून ठेवण्याची ताकद घटते. ठोकळा लहान असेल तर वायू निसटून जातो. ठोकळा शंभर टनांच्या घरातला असेल तर आतल्या हायड्रोजनला बाहेर पडायची वाट लांब. तो आतच राहतो आणि जिथे मिश्रण एकसारखे झालेले नाही, म्हणजे कार्बन, मँगनीज, गंधक गोळा झालेले पट्टे असतात, तिथे साचतो. पोलाद दोनेकशे अंशांखाली गेले की त्या जागी पातळ, चपट्या चिरा उमटतात. फोर्जिंगवाले त्यांना फ्लेक्स म्हणतात. उपाय जुना आणि ठाऊक असलेला आहे: पोलाद ओतताना निर्वातात वायू काढून घ्यायचा आणि फोर्जिंगनंतर ते दीर्घकाळ उबदार ठेवून सावकाश थंड करायचे. या कड्यांच्या बाबतीत तो उपाय कुठेतरी कमी पडला होता.

चिरा भिंतीला समांतर का, याचेही कारण यातच आहे. ठोकळा ठोकून कडे ओढताना ते पट्टेही भिंतीच्या दिशेने ओढले जातात, आणि चीर पट्ट्यावर बसते.

अडचण नेमकी कशी मांडायची

पहिल्या आठवड्यांत वर्तमानपत्रांत एकच प्रश्न होता: आठ हजार तडे असलेले भांडे फुटेल का? इंजिनिअरांना तो प्रश्न तीन तुकड्यांत तोडावा लागला. आज या चिरा धोक्याच्या आहेत का? त्या वाढताहेत का? आणि त्यांच्या भोवतीचे पोलाद, तीस वर्षे न्यूट्रॉनचा मार खाल्ल्यावर, अजून चिवट आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातल्या त्यात सोपे. १५५ बार दाबाखाली दोन मीटर त्रिज्येच्या, वीस सेंटिमीटर जाड भिंतीत घेराच्या दिशेने ताण येतो ढोबळमानाने १५५ मेगापास्कल. बारा मिलिमीटरची चीर या ताणाला आडवी, म्हणजे काटकोनात असेल, तर तिच्या टोकाशी येणारी ताणतीव्रता, म्हणजे चीर किती जोराने पुढे सरकू पाहते त्याचे माप, साधारण वीस मेगापास्कल रूट मीटर भरते. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संहितेतली चिवटपणाची वक्ररेषा अगदी तळाला सुमारे ३६ वर असते, म्हणजे पार ठिसूळ पोलादालाही तेवढे झेपते. आणि या चिरा आडव्या नव्हत्याच, ताणाच्या दिशेने झोपलेल्या होत्या. दहा अंशांचा कल धरला तर चिरेला उघडणारा ताण तीन टक्क्यांवर येतो आणि ताणतीव्रता एकाच्याही खाली. लाकडाच्या फळीत रेषेच्या दिशेने गेलेली फट आणि आडवी गेलेली फट, यांतला फरक सुताराला सांगावा लागत नाही.

पण हा हिशेब एकट्या चिरेचा. आठ हजार चिरा एकमेकींना खेटून, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बसल्या असतील तर? दोन चिरांमधला पोलादाचा पूल तुटून त्यांची एक मोठी, तिरकी चीर झाली तर? संहितेत जवळच्या चिरा एकत्र धरण्याचे नियम होते, पण ते थोड्या चिरांसाठी लिहिलेले. जसेच्या तसे लावले असते, तर भिंतीचा मोठा भाग एकच अवाढव्य तडा म्हणून मोजावा लागला असता. म्हणून चिरांच्या समूहासाठी नवे नियम बसवावे लागले. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत अवघड इंजिनिअरिंग ती, आणि बाहेर सर्वांत कमी चर्चा झाली तिचीच.

दुसऱ्या प्रश्नाला तुलनेसाठी काही नव्हते. व्हेसलच्या भिंतीची पूर्ण जाडी पूर्वी अशी तपासलेलीच नव्हती. जुनी तपासणी वेल्डच्या आसपासची. म्हणजे ‘पूर्वीइतकीच आहे’ असे म्हणायला पूर्वीचे मापच नाही. गणिताने मात्र दाबाच्या चढ-उतारांनी होणारी वाढ अगदीच किरकोळ येत होती.

तिसरा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद ज्या तापमानाखाली ठिसूळ वागू लागते, ते तापमान वर सरकत जाते. नवे पोलाद शून्याखाली कितीतरी अंशांपर्यंत चिवट राहते. वर्षानुवर्षे मार खाल्लेले पोलाद पन्नास-शंभर अंशांवरच कचू शकते. भट्टी चालू असताना याने बिघडत नाही, कारण भिंत तीनशे अंशांच्या आसपास असते. भीती असते ती आणीबाणीत: पाइप फुटतो, गार पाणी आत ओतले जाते, भिंतीचा आतला थर झपकन आकसतो आणि त्यावर ओढ येते. ही ओढ, उरलेला दाब आणि ठिसूळ झालेला थर एकाच जागी येतात, ती जागा म्हणजे भिंतीची आतली बाजू. न्यूट्रॉनचा मारही तिथेच जास्त, आणि चिराही आतल्या पृष्ठभागापासून बारा सेंटिमीटरपर्यंतच्या पट्ट्यात.

समोर असलेले पर्याय

दुरुस्ती? चिरा भिंतीच्या पोटात, हजारोंच्या संख्येने. खोदून वेल्ड करणे अशक्य. व्हेसल बदलणे? व्यापारी वीजकेंद्रात ते कधी कोणी केलेले नाही. भांडे तापवून पोलादाचा ठिसूळपणा काढणे? रशियन बनावटीच्या भट्ट्यांत ते झाले आहे, पण त्याने पोलाद पुन्हा चिवट होते, चिरा सांधत नाहीत. उरले दोन मार्ग: भट्टी कायमची बंद करा किंवा ती अशीच सुरक्षित आहे हे सिद्ध करा.

बंद करण्याला एक आधीचा दाखला होता. अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्सची यांकी रो ही छोटी, १९६० पासूनची भट्टी १९९१ मध्ये थांबवली आणि पुढच्या वर्षी कायमची मिटवली. तिच्या व्हेसलला तडा सापडला म्हणून नाही. पोलाद किती ठिसूळ झाले आहे, हे दाखवायला पुरेसा पुरावा मालकाकडे नव्हता, आणि तो गोळा करायचा खर्च छोट्या भट्टीला परवडणारा नव्हता. डूलच्या मालकाचा, इलेक्ट्राबेलचा, हिशेब वेगळा होता. हजार मेगावॅटसाठी पुरावा गोळा करणे परवडत होते.

पहिला निर्णय: चालू करा, पण

२०१२ अखेर इलेक्ट्राबेलने सुरक्षिततेचा अहवाल दिला. जानेवारी २०१३ मध्ये बेल्जियमच्या संघीय अणुनियंत्रण संस्थेने, म्हणजे नियामकाने, ‘अजून पुरेसे नाही’ म्हणून कामांची यादी हाती ठेवली. यादी दोन भागांत होती. काही कामे भट्टी सुरू करण्यापूर्वी, काही सुरू केल्यानंतर.

सुरू करण्यापूर्वीच्या कामांत चिरा असलेल्या पोलादाचे नमुने ताणून तोडणे होते, आणि व्हेसलची एक चाचणीही: दाब वाढवायचा, भिंतीला आवाज टिपणारे संवेदक लावून ठेवायचे, कुठे चीर वाढली तर तिचा कट्ट असा आवाज येतो का ऐकायचे, आणि नंतर पुन्हा अल्ट्रासॉनिकने बघायचे. काही वाढले नाही. चालवण्याच्या रीतीतही बदल झाले. भट्टी तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेग कमी केला. डूलला आणीबाणीत ओतायचे पाणी कायम कोमट ठेवायचे ठरले, म्हणजे ओतले तरी भिंतीला बसणारा धक्का कमी. या कोमट पाण्याची पुढे टीकाकारांनी थट्टा केली, ‘पाणी गरम करून चालवावी लागते ती कसली भट्टी’ म्हणून. मला मात्र तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. पोलाद बदलता येत नसेल, तर त्यावर येणारा ताण बदला.

१७ मे २०१३ला परवानगी मिळाली, जूनमध्ये दोन्ही भट्ट्या सुरू झाल्या.

सुरू केल्यानंतरच्या यादीत एक काम होते. फ्लेक्स असलेल्या पोलादाचे तुकडे न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायचे आणि ते किती ठिसूळ होतात ते मोजायचे. तिसऱ्या प्रश्नाचे प्रत्यक्ष प्रयोगातून मिळणारे उत्तर हे एवढेच. आणि ते ‘नंतर’च्या रकान्यात होते.

नमुना कोणाचा

डूलच्या भिंतीतून तुकडा कापता येत नव्हता. बांधणीच्या वेळी नळीसाठी कापून काढलेला एक तुकडा जपून ठेवला होता, पण तो चांगल्या पोलादाचा. त्यात फ्लेक्स नव्हते. म्हणून दुसरीकडून नमुना आणला: फ्रान्समध्ये एका स्टीम जनरेटरसाठी बनवलेला आणि फ्लेक्स निघाल्यामुळेच नाकारलेला भाग. त्याचे नाव व्हीबी-३९५. जात जवळची, दोष तोच, पण ठोकळा वेगळा, कारखाना वेगळा.

बेल्जियममधल्या मोल गावच्या अणुसंशोधन केंद्रात बीआर-२ या संशोधन भट्टीत हे तुकडे ठेवले. तिथे मारा इतका तीव्र असतो, की वीजभट्टीतल्या कित्येक वर्षांचा मार आठवड्यांत भरतो. २०१४च्या सुरुवातीला निकाल आले. व्हीबी-३९५ ठिसूळपणाचा अंदाज बांधणाऱ्या नेहमीच्या सूत्राने सांगितले होते त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त ठिसूळ झाले होते.

इथे इलेक्ट्राबेलपुढे एक सोपी पळवाट होती: ‘हे पोलाद आमचे नाही.’ तसे म्हणणे चूकही ठरले नसते. पुढे तेच सिद्ध झाले. पण ज्या नमुन्याला आपण स्वतः ‘डूलसारखा’ म्हणून पुढे केले, त्याचा निकाल नको तसा आल्यावर तो ‘डूलसारखा नाही’ म्हणणे कोणाला पटले असते? २५ मार्च २०१४ रोजी दोन्ही भट्ट्या, ठरलेल्या तारखेची वाट न बघता, थांबवल्या गेल्या. दहाएक महिने चालल्या होत्या. परत सुरू व्हायला वीस महिन्यांहून जास्त लागले.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नीट घेतलेला निर्णय तो, असे मला वाटते. तरीही त्यामागे आधीच्या वर्षाची एक चूक दडलेली आहे. किरणोत्सर्गाचा प्रयोग ‘नंतर’च्या रकान्यात ठेवला, तेव्हा गृहीत असे होते की निकाल अपेक्षेप्रमाणेच येईल. निकाल वेगळा आला तर काय करायचे, हे आधी ठरवलेले दिसत नाही. प्रयोग काही महिन्यांचा होता आणि जून २०१३पर्यंत भट्ट्या बंदच होत्या. त्याच काळात उरकला असता, तर लोकांना ‘सुरक्षित आहे’ सांगून वर्षाच्या आत ‘थांबवतो’ म्हणावे लागले नसते. विश्वास जितका चिरांमुळे गेला नाही, तितका या चालू-बंद-चालूमुळे गेला.

पुन्हा शोध, आणि मोठा झालेला आकडा

पुढच्या फेऱ्यांत व्हीबी-३९५चे फ्लेक्सजवळचे आणि फ्लेक्सपासून दूरचे, दोन्ही तुकडे माऱ्यात ठेवले. दोन्ही सारखेच जास्त ठिसूळ झाले. म्हणजे दोष फ्लेक्सचा नव्हता, त्या ठोकळ्याच्या पोलादाचाच होता. शिवाय जर्मनीतून फ्लेक्स असलेले दुसरे पोलाद आणून तपासले, तर ते सूत्राप्रमाणेच वागले. व्हीबी-३९५ अपवाद ठरला. तरीही इलेक्ट्राबेलने व्हीबी-३९५मधला जादा ठिसूळपणा डूल आणि तिआंजच्या हिशेबात अधिकचा भार म्हणून धरला, आणि तो धरूनही गणित बसते असे दाखवले. ९९ टक्क्यांहून जास्त चिरा पहिल्याच, ढोबळ आणि कडक चाळणीतून पार झाल्या. उरलेल्यांसाठी सविस्तर हिशेब करावा लागला. नियामकाने हे गणित अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेकडून स्वतंत्रपणे तपासून घेतले. परदेशी तज्ज्ञांचे मंडळही बसवले होते.

व्हीबी-३९५चा आणखी एक उपयोग झाला. त्याचे तुकडे आधी अल्ट्रासॉनिकने तपासून मग कापून बघितले, तेव्हा तपासणीची रीत काही चिरा सोडते आणि काहींचा आकार कमी दाखवते असे लक्षात आले. उपकरणाने खूण नोंदवण्याची मर्यादा आणखी खाली आणली आणि व्हेसल पुन्हा तपासली. डूल-३चा आकडा १३,०४७ झाला, तिआंज-२चा ३,१४९. सर्वांत मोठी खूण डूलमध्ये १७९ मिलिमीटरची.

शास्त्राच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती: चष्मा स्वच्छ झाला. रस्त्यावर ती अशी पोहोचली: आठ हजारांचे तेरा हजार झाले, तडे वाढताहेत. आणि सामान्य माणसाला दोष द्यावा असेही नाही. आकडा वाढला की वस्तू वाढली, हे कोणीही समजेल. जुन्या मर्यादेने तपासून आलेला आकडा आणि नव्या मर्यादेने आलेला आकडा, असे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून लोकांसमोर ठेवायला हवे होते. २०१७ मध्ये तेच पुन्हा घडले. तपासणीच्या लहरी सोडणाऱ्या प्रोबची जागा किंचित बदलल्याने डूलमध्ये सुमारे तीनशे आणि तिआंजमध्ये सत्तर ‘नव्या’ खुणा दिसल्या, आणि नव्या नाहीत हे पुन्हा समजावत बसावे लागले.

याच काळात, २०१५च्या सुरुवातीला, दोन साहित्यशास्त्रज्ञांनी जाहीरपणे एक वेगळी शंका मांडली. चिरा जन्माच्या असतील, पण भट्टी चालू असताना गंजण्याच्या क्रियेतून सुटणारा हायड्रोजन भिंतीत झिरपून त्या वाढवत असेल तर? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वापरात असताना हायड्रोजन धातूत शिरून तडे देतो, याची उदाहरणे अणुउद्योगातच आहेत, आणि ती आपल्यापासून फार दूर नाहीत. तारापूरच्या १९६९च्या पहिल्या दोन भट्ट्यांना डूलसारखेच, पण वेगळ्या बनावटीचे पोलादी व्हेसल आहे. शेजारच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीत मात्र मोठ्या भांड्याऐवजी झिर्कोनियम मिश्रधातूच्या प्रेशर ट्यूब आहेत, आणि तिथे जड पाण्यातला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वर्षानुवर्षे थोडा थोडा नळीत मुरत राहतो. त्याच जातीच्या कॅनडाच्या पिकरिंगमधल्या एका भट्टीत १९८३ मध्ये अशी नळी फाटली होती. पण पोलाद वेगळे आणि त्यातून हायड्रोजन हलतोही वेगळा. इलेक्ट्राबेल आणि नियामक दोघांनी हा मुद्दा तपासला आणि वाढीला पुरेल इतका हायड्रोजन या मार्गाने साचत नाही असा निष्कर्ष काढला. खरा निवाडा मात्र नंतरच्या तपासण्यांनीच होणार होता, कारण आता कुठे तुलनेला ‘पूर्वीचे माप’ हाती आले होते.

परिणाम

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी नियामकाने दुसऱ्यांदा परवानगी दिली. डिसेंबरमध्ये दोन्ही भट्ट्या सुरू झाल्या. अट अशी की व्हेसलची पुन्हा पुन्हा त्याच रीतीने तपासणी करायची. त्या तपासण्यांत चिरा वाढलेल्या आढळल्या नाहीत.

सीमेपलीकडे मात्र शांतता नव्हती. जर्मनीचे आखेन शहर तिआंजपासून साठेक किलोमीटरवर. २०१६ मध्ये जर्मन पर्यावरणमंत्र्यांनी दोन्ही भट्ट्या थांबवण्याची विनंती केली. जून २०१७ मध्ये तिआंजपासून लिएज आणि मास्ट्रिख्टमार्गे आखेनपर्यंत नव्वद किलोमीटरची मानवी साखळी झाली, आणि त्या वर्षी सप्टेंबरपासून आखेन परिसरात नागरिकांना आयोडीनच्या गोळ्या वाटल्या. पुढच्या वर्षी जर्मन सरकारच्याच अणुभट्टी सुरक्षा आयोगाने मत दिले, की हिशेबातली सुरक्षेची मर्यादा ओलांडली जात असल्याचे दिसत नाही. तोवर गोळ्या लोकांच्या हाती पोहोचल्या होत्या.

शेजारच्या देशाला निर्णय झाल्यावर कळवणे आणि तो होत असताना त्याचे तज्ज्ञ टेबलाशी बसवणे, यांत फरक आहे. तज्ज्ञ मंडळांवर परदेशी लोक होते खरे, पण आखेनच्या माणसाला ‘आमच्या बाजूने कोण होते’ याचे उत्तर नीट मिळाले नाही. ते २०१२ मध्येच करता आले असते.

वेगळे काय करता आले असते

एका गोष्टीसाठी बेल्जियमच्या बाहेर बघावे लागते. डूलनंतर युरोपातल्या नियामकांनी सगळीकडची जुनी फोर्जिंग तपासायला सांगितली. स्वित्झर्लंडच्या बेझनाउ-१ मध्ये २०१५ साली तशा शेकडो खुणा निघाल्या. तिथे कारण हायड्रोजन नव्हते, पोलादात अडकलेले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण होते. तिथल्या मालकाने जवळपासचा नमुना शोधत बसण्याऐवजी त्याच जुन्या रीतीने नवे कडेच फोर्ज करून घेतले, मूळ कड्याची प्रतिकृती म्हणून, आणि त्यावर प्रयोग केले. भट्टी तीन वर्षे बंद राहिली आणि मार्च २०१८ मध्ये एकदाच सुरू झाली. मधे चालू-बंदचा खेळ नाही.

डूलला हे जमले असते का? फ्लेक्स मुद्दाम तयार करणे ऑक्साइडच्या कणांपेक्षा बेभरवशाचे आहे. हवे तसे, हव्या तेवढ्या फ्लेक्सचे कडे घडेलच याची हमी नाही. त्यामुळे मी हा पर्याय उघड चूक म्हणून मांडत नाही. पण व्हीबी-३९५ एकटाच नमुना म्हणून पहिल्या फेरीत घेणे आणि त्याच्या जोडीला जर्मन पोलाद पहिल्यापासून न ठेवणे, ही घाई होती. एका नमुन्याने ‘हो’ म्हटले असते तर सगळ्यांनी आनंदाने मानले असते. ‘नाही’ म्हटल्यावर दुसरा नमुना शोधणे, हे कितीही खरे असले तरी दिसायला वाईट दिसते.

दुसरी गोष्ट १९७०च्या दशकातली. रॉटरडॅमला ज्या कोणी ती कडी तपासली, त्याला काही ना काही दिसले असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हाचा स्वीकृतीचा नियम मोठ्या, उठावदार प्रतिध्वनीकडे बघणारा. बारीक पण असंख्य खुणांकडे बघायची सक्ती नसेल तर तपासनीस ‘नोंद करण्यासारखे काही नाही’ असे लिहून मोकळा होतो. त्यात खोटेपणा असेलच असे नाही. म्हणून आजच्या फोर्जिंगच्या तपासणीत मला पास-नापासच्या शिक्क्यापेक्षा मूळ प्रतिध्वनीची नोंद, जशीच्या तशी, साठवून ठेवणे जास्त मोलाचे वाटते. ती २०१२ मध्ये हाती असती तर ‘चिरा वाढल्या का’ या प्रश्नाला त्याच आठवड्यात उत्तर मिळाले असते.

डूल-३ अखेर २३ सप्टेंबर २०२२ला कायमची बंद झाली, तिआंज-२ पुढच्या वर्षी ३१ जानेवारीला. कारण चिरा नव्हत्या; चाळीस वर्षांनंतर भट्ट्या बंद करण्याचा बेल्जियमचा २००३चा कायदा होता. भांडी आता थंड आणि रिकामी आहेत. दहा वर्षे ज्या भिंतीतून एक तुकडाही कापता आला नाही, तिथून आता तो कापता येईल: फ्लेक्स असलेला, खरा मार खाल्लेला, उसना न आणलेला. काम महाग आहे, किरणोत्सर्गी आहे, आणि त्यातून एक युनिटही वीज मिळणार नाही. तरी तो तुकडा कापावा आणि व्हीबी-३९५च्या शेजारी ठेवून तोडून बघावा, असे मला वाटते.